गोधडीचा गोट : झिजण्यासाठीच लावलेली पट्टी

मंडळी, मागच्या वेळी आपण टाके पुरे केले. आता ‘नुसता गोट लावायचा राहिला’ असं सगळे म्हणतात. पण गोधडी आपण काठाला धरूनच ओढतो, झटकतो, पिळतो. साहजिकच ती काठाशी आधी विरते. गोट शोभेचा खराच, पण त्याचं मुख्य काम आतल्या कापडाऐवजी स्वतः झिजण्याचं. आत आजीचं लुगडं असेल तर ते पुन्हा मिळणार नाही. गोट मात्र नवा लावता येतो. म्हणून आम्ही सांगतो, गोट पक्का लावा, पण उसवता येईल असा लावा.

आधी हिशोब. गोधडी 60 बाय 90 इंच असेल तर चारही बाजू मिळून 300 इंच. कोपरे आणि सांधा धरून 312 घ्या. नऊवारी लुगडं 324 इंच भरतं, म्हणजे त्याच्या लांबीतून बिनसांध्याची एकच पट्टी निघते! रुंदी अडीच इंच, गोधडी जाड असेल तर तीन. पट्टी दोन्ही हातांनी ताणून बघा. चर्र वाजलं तर ते कापड आतल्या थरात घाला, बाहेर नको. कोपरे गोल असतील तर मात्र पट्टी उरेब कापायची. सरळ पट्टी वळणावर बसत नाही, चुण्या पडतात.

आता लावणं. गोधडीच्या कडेने आधी धावदोरा घाला, म्हणजे थर सरकणार नाहीत. मग कड सारखी कापा. पट्टी उभी दुमडून दुहेरी करा. तिच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेशी जुळवा, सुलट बाजूने. सुरुवात कोपऱ्यावर नको, बाजूच्या मध्यावर करा आणि आठ-दहा इंच टोक मोकळं सोडा. पाव इंच आत टीप घाला. पट्टी ओढायची नाही हं! ओढली की गोधडीची कड गोळा होते.

कोपरा पाव इंच उरला की थांबा, दोरा पक्का करा. पट्टी वर, गोधडीपासून दूर वळवा. तिरकी घडी पडेल. मग ती सरळ खाली आणा. वरची घडी गोधडीच्या कडेशी जुळली पाहिजे. तिथून पुढची बाजू शिवा. शेवटी दोन्ही टोकं मापाने कापून जोडा आणि तेवढी जागा टिपून घ्या.

आता गोट उलट बाजूला वळवा. त्याची दुमड टिपेच्या रेघेवर जेमतेम चढू द्या आणि हाताने बारीक टाके घाला. सुई फक्त मागच्या थरातून जावी, पुढे दिसू नये.

काही वर्षांनी हा गोट विरेल. तेव्हा आधी हातटाके, मग टीप उसवायची. आत गोधडीची कड जशीच्या तशी सापडेल. तिलाच नवा गोट लावायचा.