रेल्वे कामगाराचे घर

लोंढ्याच्या रेल्वे वसाहतीतून रोज गाडीने कॉलेजात येणाऱ्यांना 'क्वार्टर' म्हणजे काय हे सांगायला नको. वडील निवृत्त झाले की काही महिन्यांत ते रिकामे करावे लागते. स्वतःच्या घराची तजवीज त्याआधीच व्हायला हवी. त्यासाठी केंद्र सरकारच्या इतर नोकरांप्रमाणे रेल्वे कामगारालाही घरबांधणी अग्रिम मिळतो.

2017 च्या नियमांप्रमाणे पाच वर्षे सलग नोकरी झालेल्यास 34 महिन्यांच्या मूळ पगाराइतकी, पण 25 लाखांच्या आत, रक्कम मिळू शकते. घराची किंमत किंवा फेडीची ऐपत याहून कमी असेल तर तेवढीच. खरी सोय आहे ती फेडीत. व्याज सरळ, आधी मुद्दल जास्तीत जास्त 180 हप्त्यांत फेडायचे, मग व्याज 60 हप्त्यांत. सातव्या वेतन आयोगाचा सर्वांत कमी मूळ पगार 18,000 रुपये धरला तर अग्रिम होतो 6,12,000 आणि मुद्दलाचा हप्ता 3,400. 2017 च्या साडेआठ टक्के दराने एकूण व्याज सुमारे 3,92,000 भरते. त्याच दराच्या वीस वर्षांच्या बँककर्जावर ते साडेसहा लाखांवर जाते.

गोम एवढीच, की शेवटची पाच वर्षे हप्ता साडेसहा हजारांच्या घरात जातो, आणि नेमकी तीच मुलांच्या शिक्षणाची वर्षे असतात. शिवाय सहा लाखांत बेळगावात काय मिळणार? गावी वडिलार्जित जागा असलेल्या गँगमनच्या चार भिंती मात्र त्यात उभ्या राहतात. नवराबायको दोघेही केंद्राच्या नोकरीत असतील, तर 2017 च्या नियमांनी दोघांनाही वेगवेगळा अग्रिम घेण्याची मुभा दिली आहे.