चौपन्न पायऱ्या

डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. तळमजल्यापासून आमच्या दारापर्यंत चौपन्न पायऱ्या आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी डी-मार्टमधून परतलो की त्या एकेक करून कळतात, कारण एका हातात पाच किलो आटा असतो आणि दुसऱ्यात तेल, साखर, तूरडाळ, भांड्यांचा साबण. पिशव्या ओट्यापाशी टेकवल्या की आई आधी बिल मागते, चष्मा लावते आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेल्या यादीशी एकेक ओळ ताडून बघते.

परवा ते बिल हातात घेऊन मीच आकडेमोड करत बसलो.

डी-मार्ट या साखळीचं पहिलं दुकान पवईत २००२ साली उघडलं. मार्च २०२४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षाअखेर दुकानं ३६५ होती, आणि त्या एका वर्षात तिथे झालेली बिलं होती ३० कोटी ३० लाख. विक्री ४९,५३३ कोटी रुपयांची. म्हणजे सरासरी बिल सोळाशे पस्तीसच्या आसपास. जागेच्या हिशेबात बघितलं तर फूटभर लांब, फूटभर रुंद अशा प्रत्येक फरशीमागे वर्षाला सुमारे तेहतीस हजार रुपयांचा माल गेला.

कंपनी हे सगळं ताळेबंदात मांडते. आपला वेळ मात्र कुणाच्याच ताळेबंदात नसतो. घरातून निघणं, गाडी लावायला जागा शोधणं, ट्रॉली ढकलणं, रांग, परतीचा रस्ता हे सगळं धरून एका बिलामागे एकच तास मोजू. आमचे अडीच होतात, पण एकच धरू. झाले ३० कोटी ३० लाख तास. त्यांची वर्षं केली तर साडेचौतीस हजार भरतात. माणूस शेती करायला लागल्याला जेमतेम दहा-बारा हजार वर्षं झाली. त्याच्या तिप्पट काळ एका साखळीतल्या एका वर्षाच्या खरेदीत गेला. दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस राबणारी माणसं या कामाला नेमायची म्हटली तर सव्वा लाख माणसं लागतील. ते काम आपण करतो, बिनपगारी.

पूर्वी असं नव्हतं. गल्लीतला वाणी यादी घ्यायचा, फळीवरून माल काढायचा, तोलायचा, पुडी बांधायचा आणि जड सामान पोऱ्याच्या हाती घरी पाठवायचा. अमेरिकेतही तीच तऱ्हा होती. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिग्ली विग्ली’ नावाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाला सरळ फळ्यांमध्ये आत सोडलं. घ्या तुमचं तुम्ही. टोपली भरली की हात भरून यायचा आणि खरेदी तिथेच थांबायची, म्हणून १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकं लावलेली गाडी आणली. माल काढण्याचं, वाहण्याचं काम गिऱ्हाइकाकडे गेलं आणि त्या बदल्यात भाव उतरले. हा सौदा मला अजूनही रास्त वाटतो. फक्त तो सौदा आहे, हे आपण विसरून गेलो.

ज्यांना हा सौदा परवडत नाही, त्यांचं काय? १९८४ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या गेट्सहेड गावी जेन स्नोबॉल या ७२ वर्षांच्या बाईंनी खुर्चीत बसून, टीव्हीच्या रिमोटवरून टेस्को या दुकानातून मार्गारिन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागवली. घरबसल्या केलेली जगातली ही पहिली ऑनलाइन खरेदी मानतात. ती सोय मुळात म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी होती. गुडघे धरून जिना चढणाऱ्या माझ्या आईकडे बघताना मला त्या बाई नेहमी आठवतात. घरपोच किराण्याला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तिच्याबरोबर त्या चौपन्न पायऱ्या चढून बघाव्यात.

आता दुसरी बाजू. जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत, दहा-पंधरा मिनिटांत किराणा घरी पोचवणाऱ्या एकट्या ब्लिंकिट या ॲपवर सुमारे १४ कोटी ऑर्डरी आल्या. दिवसाला सव्वापंधरा लाखांवर, दर सेकंदाला सतरा-अठरा. सरासरी ऑर्डर ६६५ रुपयांची. म्हणजे डी-मार्टच्या एका बिलाएवढा माल असा मागवायचा तर अडीच फेऱ्या होतात.

हे इतक्या कमी वेळात जमतं कसं? उत्तर गर्दीत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत एका चौरस किलोमीटरमध्ये वीस हजारांच्या आसपास माणसं राहतात. दुकान मध्ये ठेवून दोन किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर आत साडेबारा चौरस किलोमीटर जागा येते, म्हणजे अडीच लाख माणसं. त्यांतल्या दोनशेपैकी एकाने जरी दिवसातून एकदा काही मागवलं, तरी साडेबाराशे ऑर्डरी झाल्या. त्या तिमाहीअखेर ब्लिंकिटची दुकानं १,३०१ होती; भागाकार केला तर एका दुकानाच्या वाट्याला रोज अकराशे-बाराशेच ऑर्डरी येतात. कागदावरचं गणित आणि प्रत्यक्षातला धंदा इतका जवळ आलेला बघून मी पेन खाली ठेवला. अमेरिकेत वेबव्हॅन ही कंपनी मोठाली गोदामं बांधून हाच खेळ खेळायला गेली आणि २००१ मध्ये बुडाली. तिथली घरं एकमेकांपासून लांब होती आणि आपली भिंतीला भिंत लावून आहेत, हाही फरक त्यात होताच.

पण वर्तुळ कितीही लहान असलं तरी ते कुणीतरी कापावं लागतं. जाऊन-येऊन एका ऑर्डरीला चार किलोमीटर धरू. कधी एका फेरीत दोन ऑर्डरी जातात, ते सोडून देऊ. रोजचे ६१ लाख किलोमीटर होतात. इथून चंद्रावर जाऊन परत यायचं, असं दिवसातून आठ वेळा. तेही सिग्नल, खड्डे आणि जुलैतल्या पावसातून, पाठीवर दही आणि कोथिंबीर घेऊन.

आणि मग जिने. दहातली एकच ऑर्डर लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर जाते असं समजू. रोज दीड लाख वेळा कुणीतरी नऊ मीटर चढतं. ही चढण एकावर एक रचली तर पावणेचौदाशे किलोमीटर उंच होते. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. रोज आठशेहून जास्त कळसूबाया. आपण वाचवलेला तास हवेत विरला नाही. त्याचे तुकडे झाले आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी पायांत गेले. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये अशी ॲपवरची आणि सुटी कामं करणारे ७७ लाख लोक देशात होते. २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा त्यांचा अंदाज आहे.

गेल्या महिन्यात मी घरी नव्हतो तेव्हा आईने शेजारच्या मुलीकरवी आटा मागवला. घेऊन आलेला विशीतला मुलगा होता. दारात पिशवी ठेवली आणि कठड्याला धरून उभा राहिला. आई म्हणाली, “अरे बाळा, बस जरा, पाणी घे.” त्याने उभ्याउभ्याच तांब्या रिकामा केला. तेवढ्यात हातातला फोन वाजला. “आजी, पुढची आली,” म्हणत तो उतरूही लागला. तासाभराने आईला आठवलं की हळद संपली आहे. तिने पुन्हा मागवली नाही.

आता फ्रिजवर चुंबकाने एक कागद लावलेला असतो. हळद, मोहरी, काडेपेटी, असं जे संपत येईल ते आई तिथे लिहून ठेवते. आठ-नऊ ओळी झाल्या की मला हाक मारते, “आता मागव.” आटा आणि तेल मात्र त्या कागदावर चढत नाही. ते पहिल्या रविवारी माझ्याच हातून वर येतं.