रोजचा किस्सा रंगवायचा कसा?

फॅमिली ग्रुपवर मोठ्या हौसेने किस्सा टाकला आणि उत्तरादाखल नुसते अंगठे आले? मग हे करून बघा.

१. थेट मुद्द्यात उडी मारा. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनला २,२०० अक्षरांची मुभा असते, पण फीडमध्ये सुरुवातीचा तुकडाच दिसतो. तो "काल आम्ही बाजारात गेलो होतो" यात घालवू नका. "भाजीवाल्या मावशींनी पैसे परत केले आणि वर मलाच झापलं!" इथून सुरू करा.

२. माणसं बोलती ठेवा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधली सगळी पात्रं एकट्याने उभी करत, ती आवाज, लकबी आणि बोलीच्या जोरावर. मावशी "काय वो ताई" म्हणाल्या असतील तर तसंच लिहा. त्यावर प्रमाणभाषेची इस्त्री नको.

३. विशेषणं कमी, तपशील जास्त. 'प्रचंड गर्दी'पेक्षा 'तिघांच्या सीटवर पाच जण' लगेच डोळ्यांपुढे येतं.

४. थोडं स्वतःवरही हसा. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आजही ताजी वाटतात, त्यात या मोकळेपणाचा मोठा वाटा आहे.

५. व्हॉइस नोट छोटी ठेवा. अनेक जण ती दुप्पट वेगाने ऐकतात, त्यामुळे गमतीच्या जागेआधी क्षणभर थांबा.

६. दुसऱ्याची फजिती सांगायची असेल तर आधी त्याला विचारा.

व्हॉट्सॲप स्टेटस २४ तासांत नाहीसं होतं, म्हणून चांगला किस्सा वहीत किंवा नोट्समध्ये जपून ठेवा. आणि आज घडलेला एक किस्सा खाली कमेंटमध्ये लिहाच!