जुन्या थिन क्लायंटवर लिनक्स बसविणे

जबलपूरजवळच्या ग्वारीघाटावरून पूर्वी एक छोटी गाडी जात असे. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा नॅरोगेज मार्ग ग्वारीघाट सोडल्यावर नर्मदा ओलांडी, सातपुड्याच्या डोंगरांतून नैनपूरला जाई आणि शेवटी गोंदियास पोचे. त्याच्या दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर होते. गोंदियाहून जाणाऱ्या मुंबई-हावडा मार्गाच्या रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर आहे. त्यामुळे या वाटेने नागपुराकडे जाणाऱ्या प्रवाशांना गोंदियास ट्रंका-वळकट्या उतरवून गाडी बदलावी लागे. २०१५ साली ग्वारीघाटावरची नॅरोगेज गाडी बंद झाली व पुढे तेथे ब्रॉडगेज रूळ आले. छोट्या गाडीचे एखादे इंजिन त्या दिवशी उत्तम चालू स्थितीत असले, तरी नव्या रुळांवर ते एक हातभरही पुढे सरकू शकले नसते.

संगणकाच्या क्षेत्रात हीच गोष्ट वारंवार घडते, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. कार्यालये, बँका व शाळा यांतून दरवर्षी अनेक यंत्रे भंगारात जातात. त्यांचा एकही भाग झिजलेला नसतो. ज्या रुळांवर ती चालत होती ते रूळ मात्र उखडले गेलेले असतात. अशा यंत्रांपैकी 'थिन क्लायंट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेटीचा विचार येथे करावयाचा आहे. तिच्यावर लिनक्स ही मुक्त संगणक-प्रणाली कशी बसविता येते, आणि काही पेट्यांवर ती मुळीच का बसत नाही, हे समजून घेतले म्हणजे भंगाराच्या ढिगातून कोणती पेटी उचलावी हेही आपोआप कळते.

थिन क्लायंट म्हणजे जाडजूड पुस्तकाएवढी एक पेटी. तिला पडदा, कळफलक व माऊस जोडतात. तिच्यात फिरणारी तबकडी नसते आणि बहुधा पंखाही नसतो. खरे काम दूरच्या सर्व्हरवर चालते. सर्व्हरने काढलेले चित्र पडद्यावर दाखविणे आणि दाबलेल्या कळी सर्व्हरकडे पोचविणे एवढेच पेटीचे कर्तव्य. फिरणारे भाग नसल्यामुळे ती फार टिकते. जबलपूरच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीस अंशांच्या वर गेला असता पंख्याच्या संगणकात धूळ साचून जे हाल होतात, ते हिच्या वाट्याला येत नाहीत. मग ती निकामी का ठरते? सर्व्हरवरची प्रणाली बदलते. गुप्त दळणवळणाचे संकेत नवे होतात, जुने संकेत असुरक्षित म्हणून नाकारले जातात, आणि पेटीतील मूळ प्रणालीला नवे संकेत शिकविण्यात निर्मात्याला स्वारस्य उरत नाही. पेटी धडधाकट असते, पण तिचे बोलणे समोरच्याला मान्य नसते.

आता आपण एक नेमके उदाहरण घेऊ. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीची टी-५३२५ ही पेटी २०१० च्या सुमाराची. तिच्यात मार्व्हेल कंपनीची 'कर्कवुड' जातीची चिप आहे. तिचा वेग सेकंदाला १.२ अब्ज ठोके एवढा असून स्मृती ५१२ मेगाबाइट आहे. आजच्या मानाने हे साधन तुटपुंजे खरे. तथापि पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, दुसऱ्या संगणकाचा पडदा दाखविणे एवढ्यासाठी ते पुरेसे आहे.

ही चिप एआरएम वंशाची आहे, आणि पहिली अडचण येथेच येते. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली पहिली एआरएम चिप १९८५ च्या एप्रिलमध्ये चालू झाली. घराघरातील संगणकांत इंटेलने आखलेल्या वंशाच्या ज्या चिपा असतात, त्यांना कळणाऱ्या आज्ञा एआरएमला कळत नाहीत. साध्या संगणकासाठी तयार केलेली लिनक्सची प्रत या पेटीत घालणे म्हणजे ब्रॉडगेजचे इंजिन ग्वारीघाटाच्या जुन्या रुळांवर चढविण्याचा प्रयत्न करणे होय. आणि एआरएम वंशातही पोटभेद आहेत. डेबियन ही लिनक्सची नामांकित मांडणी घेतली, तर तिच्यात ३२ बिटांच्या एआरएमसाठी दोन वेगळ्या शाखा आढळतात. दशांश अपूर्णांकांचे गणित ज्या जुन्या चिपांच्या अंगी नसते, त्यांच्यासाठी 'आर्मेल'. ज्या नव्या चिपांना ते येते, त्यांच्यासाठी 'आर्मएचएफ'. कर्कवुड चिप पहिल्या प्रकारात मोडते. चुकीची शाखा घेतली, तर यंत्र काही न बोलता थांबते, आणि नवशिक्या मनुष्य पेटीच बिघडली असे समजतो.

दुसरी अडचण अधिक खोल असून तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. साध्या संगणकात, तो कोणत्याही कंपनीने बनविलेला असो, काही संकेत सर्वत्र एकच असतात. यंत्र सुरू होताच एक लहानसा प्रोग्राम जागा होतो, कोणते भाग कोठे जोडले आहेत याची यादी तयार करतो आणि ती लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे 'कर्नल'च्या, हाती देतो. एआरएमच्या जुन्या पेट्यांत अशी सर्वमान्य यादी नसते. जाळ्याचा भाग कोणत्या पत्त्यावर आहे, ध्वनीची चिप कोणत्या तारेला लावली आहे, चालू-बंद करण्याचे बटण कोणत्या टोकाशी जोडले आहे, हे सारे त्या पट्टीच्या निर्मात्यालाच ठाऊक असते. अनोळखी मार्गावर निघालेल्या इंजिनचालकाला चढ कोठे, सिग्नल कोठे हे आधी शिकवावे लागते. कर्नलचे येथे तसेच आहे.

प्रारंभी प्रत्येक पेटीसाठी ही माहिती कर्नलच्या आतच स्वतंत्र प्रकरण लिहून घातली जाई. टी-५३२५ साठी असे प्रकरण मार्टिन मिखल्मायर यांनी २०१० साली लिहिले. परंतु अशा प्रकरणांची संख्या इतकी वाढली, की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी त्याविषयी कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. त्यानंतर ही वर्णने कर्नलच्या बाहेर एका वेगळ्या तक्त्यात ठेवण्याची पद्धत एआरएमसाठीही रूढ झाली. या तक्त्याला 'डिव्हाइस ट्री' म्हणतात. कर्नल एकच, पेटी बदलली की तक्ता बदलावयाचा. टी-५३२५ चा तक्ता कर्नलच्या अधिकृत भांडारात समाविष्ट आहे, आणि ही पेटी आज उपयोगी पडू शकते ती मुख्यतः त्यामुळे. ज्या पेटीचे वर्णन कोणी लिहून ठेवले नाही, ती कितीही चांगली असली तरी मुकीच राहते. म्हणून जुनी पेटी विकत घेण्यापूर्वी तिच्या वेगापेक्षा तिचा तक्ता उपलब्ध आहे की नाही हे पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. कर्कवुडच्या पेट्यांत वीज येताच 'यू-बूट' नावाचा प्रोग्राम प्रथम जागा होतो. जर्मनीच्या वोल्फगांग डेंक यांनी नावारूपाला आणलेला हा प्रोग्राम म्हणजे पेटीचा द्वारपाल होय. कर्नल कोठून उचलावयाचा आणि स्मृतीत कोठे ठेवावयाचा हे तो ठरवितो. त्याच्याशी बोलण्यासाठी पडद्याचा उपयोग बहुधा होत नाही; त्यासाठी सिरियल तार लागते. अनेक पट्ट्यांवर चार टाचण्यांची एक ओळ या कामासाठी सोडलेली असते. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. या टाचण्या ३.३ व्होल्टवर चालतात, तर जुन्या संगणकाच्या सिरियल जोडणीत दहा-बारा व्होल्टपर्यंत दाब असतो. ती तार सरळ लावली तर चिप तत्काळ जळते. ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल जोड बाजारात मिळतो, तोच वापरावा. भू-तार भू-तारेला जोडावी. एकाची पाठविण्याची तार दुसऱ्याच्या घेण्याच्या तारेला जोडावी. वीजपुरवठ्याची टाचणी मोकळीच ठेवावी. वेग सेकंदाला १,१५,२०० बिट ठेवला, की पेटी सुरू करताच अक्षरे उमटू लागतात. त्या क्षणी कळ दाबली असता यू-बूट थांबून आज्ञेची वाट पाहतो.

पहिली आज्ञा काही बदलण्याची नसावी. यू-बूटने जपून ठेवलेली सर्व मूल्ये प्रथम छापून घ्यावीत आणि वहीत उतरून ठेवावीत. पेटीतील मूळ प्रणालीचीही शक्य तर नक्कल काढावी. पुष्कळ लोक हा टप्पा गाळतात. नंतर जाळ्याचा मूळ पत्ता हरवला, की त्यांना तो पेटीच्या तळावरील चिठ्ठीत शोधावा लागतो, आणि ती चिठ्ठी निघून गेलेली असते.

त्यानंतर कर्नल तयार करावयाचा. टी-५३२५ वरचा यू-बूट डिव्हाइस ट्रीच्या पूर्वीचा असल्याने तक्ता ही काय वस्तू आहे, हे त्याला ठाऊक नाही. यावरचा तोडगा मोठा गमतीदार आहे. कर्नलच्या शेपटीला तक्ता चिकटवून द्यावयाचा. यू-बूट सर्व गाठोडे एकच वस्तू समजून स्मृतीत ठेवतो, आणि कर्नल जागा झाल्यावर आपल्याच पाठीवरचा तक्ता काढून वाचतो. या गाठोड्याला वर ६४ बाइटांचे एक शीर्षक लावावे लागते. त्यात वस्तूचे नाव, ठेवण्याचा पत्ता आणि मजकूर शाबूत आहे की नाही हे ताडून पाहण्याची बेरीज असते. शीर्षकाच्या आरंभी २७०५१९५६ ही खूण असते. ती जन्मतारखेसारखी दिसते हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात येईल. डेबियनमध्ये 'फ्लॅश-कर्नल' नावाचा प्रोग्राम चिकटविण्याचे व शीर्षक लावण्याचे हे काम आपण होऊन करतो, कारण त्याच्या यादीत या पेटीचे नाव आहे.

गाठोडे यूएसबी कांडीवर ठेवून यू-बूटला ते उचलावयास सांगावे. सोबत प्रारंभिक साधनांचे दुसरे गाठोडेही न्यावे लागते, आणि या दोहोंचे स्मृतीतील पत्ते एकमेकांपासून पुरेसे दूर ठेवावे लागतात. कर्नल दाबून भरलेला असतो. तो उलगडताना फुगतो आणि शेजारचे गाठोडे त्याच्याखाली चिरडले जाते. पेटी थोडी अक्षरे दाखवून गप्प बसली, तर दहांत अनेकदा कारण हेच असते. पत्ते बदलून पाहावेत. सर्व काही एकदा हाताने चालले, की मगच त्या आज्ञा यू-बूटमध्ये कायमच्या साठवाव्यात.

यू-बूटवर मात्र हात टाकू नये. कर्नल बिघडला तर दुसरा देता येतो. द्वारपालच नाहीसा झाला तर आत जाण्याची वाट बंद होते. सुदैवाने कर्कवुडच्या बहुतेक चिपांत आणखी एक चोरवाट आहे. चिपच्या अंगातच कोरलेला एक प्रोग्राम सिरियल तारेवरून नवा यू-बूट घेऊ शकतो, आणि त्यासाठी 'केडब्ल्यूबूट' नावाचे साधन उपलब्ध आहे. त्या संथ तारेवरून यू-बूट उतरण्यास वेळ लागतो, पण पेटी वाचते.

प्रत्येक पेटी इतकी उदार नसते. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये एआरएम चिपांसाठी 'विंडोज आरटी' प्रणाली आणली, तेव्हा अशा यंत्रांचा द्वारपाल केवळ मान्यताप्राप्त सही असलेलाच प्रोग्राम सुरू करील, आणि मालकालाही ते बंधन काढता येणार नाही, अशी अट घातली. ज्याने पूर्ण किंमत मोजली त्यालाच आपल्या यंत्राची किल्ली मिळू नये, ही गोष्ट आम्हांला न्यायाची वाटत नाही. प्रणाली मागे पडली, आणि यंत्रेही तिच्याबरोबर अडगळीत गेली.

द्वार उघडे असूनही काळाची एक मर्यादा आहेच. डेबियनची १२ वी आवृत्ती २०२३ च्या जूनमध्ये निघाली. तिच्यात आर्मेल शाखा पूर्णपणे होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या १३ व्या आवृत्तीत या शाखेसाठी बसविण्याचा प्रोग्राम नाही, तयार कर्नल केवळ रास्पबेरी पायच्या काही जुन्या नमुन्यांसाठी आहे, आणि शाखेची ही शेवटचीच आवृत्ती असल्याचे जाहीर झाले आहे. म्हणून कर्कवुडच्या पेटीवर आज बसवावयाचे तर १२ वी आवृत्ती घ्यावी. ज्याला पुढे जावयाचे असेल त्याने कर्नल स्वतः संकलित करावा; पेटीचा तक्ता लेखी असल्यामुळे ते शक्य आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्यानंतर मात्र अशी पेटी बाहेरच्या जाळ्यावर उघडी ठेवू नये, घरच्या किंवा ग्रंथालयाच्या आतल्या जाळ्यावरच चालवावी.

पेटी चालू झाली की मराठीची सोय पाहावी. इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये मुळातच आहे. लोहित देवनागरी हा मुक्त टंक बसवावा म्हणजे जोडाक्षरे नीट उमटतात. ५१२ मेगाबाइट स्मृतीत आजचे जड संकेतस्थळ पाहण्याचा हट्ट मात्र धरू नये. त्यासाठी घरातील एखादा मोठा संगणक सर्व्हर करून पेटीला तिचे मूळचे काम परत द्यावे, हे उत्तम.

शेवटी एक लहानशी सूचना. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या पेटीतील घड्याळाचा सेल बहुधा संपलेला असतो, आणि मग ती सुरू होताच आजची तारीख १ जानेवारी १९७० आहे असे समजते. अशा वेळी डेबियनच्या भांडाराकडून येणारे सर्व प्रोग्राम ती नाकारते, कारण त्यांवरील सह्या तिच्या हिशेबी अजून अस्तित्वातच आलेल्या नसतात. भांडाराकडे जाण्यापूर्वी तारीख हाताने लावावी. सेल साधा असून घड्याळजीकडे मिळतो.