नियंत्रण मनोरा, अनियंत्रित हवाई क्षेत्रातील

विमानतळावरील धावपट्ट्या व त्यांना जोडणारे मार्ग ज्या उंच इमारतीतून दृष्टिपथात येतात आणि जेथून विमानांना उतरण्याची, उड्डाणाची व जमिनीवरील हालचालींची अनुज्ञा दिली जाते, त्या इमारतीस नियंत्रण मनोरा म्हणतात. असा मनोरा जेथे असेल, तेथील सभोवतालचे हवाई क्षेत्रही नियंत्रित असलेच पाहिजे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बहुतेक मोठ्या विमानतळांच्या बाबतीत ती खरी ठरते. तथापि मनोरा ही विमानतळाची व्यवस्था असून हवाई क्षेत्राचे नियंत्रण ही आकाशाची कायदेशीर विभागणी आहे, आणि एक असल्याने दुसरी आपोआप अस्तित्वात येत नाही. मनोरा कार्यरत असूनही भोवतालचे आकाश अनियंत्रित राहिले आहे, असे विमानतळ ब्रिटनमध्ये बरेच आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ते अपवादानेच आढळतात.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९० मध्ये स्वीकारलेल्या पद्धतीनुसार हवाई क्षेत्राचे ए ते जी असे सात वर्ग पडतात. त्यांपैकी ए ते ई हे नियंत्रित, तर एफ व जी हे अनियंत्रित होत. जी वर्गाच्या क्षेत्रात उड्डाणास नियंत्रकाची अनुज्ञा लागत नाही व दोन विमानांमध्ये सुरक्षित अंतर राखून देण्याची जबाबदारीही त्याच्यावर नसते. वैमानिकाने स्वतः बाहेर पाहावे व दुसरे विमान टाळावे, हे तेथील मूलतत्त्व आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मनोऱ्याभोवती सामान्यतः आढळणाऱ्या डी वर्गाच्या क्षेत्रातही केवळ नजरेच्या साहाय्याने उडणाऱ्या दोन विमानांमधील अंतर नियंत्रक राखत नाही. तो त्यांना एकमेकांची माहिती देतो. उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या विमानांना मात्र तेथे परस्परांपासून अंतर मिळण्याचा हक्क असतो. जी वर्गात हा हक्क त्यांनाही नसतो.

पूर्वेतिहास : ही विसंगती वाटते तितकी आधुनिक नाही. लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावर १९२० मध्ये उभारलेला मनोरा हा जगातील पहिला नियंत्रण मनोरा मानला जातो. जमिनीपासून सु. ४·५ मी. उंचीवरील, चारही बाजूंस खिडक्या असलेली एक खोली, एवढेच त्याचे स्वरूप होते. नियंत्रित हवाई क्षेत्र ही कल्पना तेव्हा रुजलेली नव्हती. म्हणजे मनोरा आधी आला व नियंत्रित आकाश मागाहून. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समधील पिकार्दी भागात लंडन-पॅरिस मार्गावरील दोन प्रवासी विमाने खराब हवामानात समोरासमोर आदळली व सात जण मृत्युमुखी पडले. क्रॉयडनच्या मनोऱ्याची नजर अर्थातच तेथवर पोहोचणारी नव्हती.

अमेरिकेत १९९३ पूर्वी प्रत्येक कार्यरत मनोऱ्याभोवती पाच मैल (सु. ८ किमी.) त्रिज्येचे व जमिनीपासून ३,००० फूट (सु. ९१५ मी.) उंचीच्या आतील ‘विमानतळ वाहतूक क्षेत्र’ मानले जाई. भोवतालचे आकाश नियंत्रित असो वा नसो, हे क्षेत्र मनोऱ्याबरोबरच येत असे. १६ सप्टेंबर १९९३ रोजी नवे वर्गीकरण अंमलात आले तेव्हा यांतील बहुतेक क्षेत्रांचे रूपांतर डी वर्गात झाले. जे मनोरे ई किंवा जी वर्गाच्या क्षेत्रात राहिले, त्यांच्यासाठी निराळी तरतूद करावी लागली. तीनुसार विमानतळापासून चार सागरी मैलांच्या (सु. ७·४ किमी.) आत व २,५०० फूट (सु. ७६० मी.) उंचीपर्यंत येण्यापूर्वी वैमानिकाने मनोऱ्याशी दुतर्फा रेडिओ संपर्क साधणे बंधनकारक आहे. उड्डाणात रेडिओ बंद पडल्यास हवामान योग्य असेल, मनोरा नजरेत असेल व उतरण्याची अनुज्ञा मिळाली असेल, तर त्यास उतरता येते. ही अनुज्ञा प्रकाशसंकेताने दिली जाते : स्थिर हिरवा प्रकाश म्हणजे उतरण्यास मोकळीक, स्थिर लाल म्हणजे इतरांस वाट देऊन घिरट्या चालू ठेवणे.

संपर्काची सक्ती झाली, तरी आकाशाचा वर्ग बदलत नाही आणि त्याचे परिणाम विलक्षण असतात. डी वर्गात नजरेच्या उड्डाणास तीन मैल (सु. ४·८ किमी.) दृश्यमानता लागते, जी वर्गात कमी उंचीवर दिवसा ढगांबाहेर राहून एक मैल (सु. १·६ किमी.) पुरते. त्यामुळे धूसर हवेतही विमान कायदेशीरपणे मनोऱ्याकडे येऊ शकते. डी वर्गातील मुख्य विमानतळाजवळ असलेली ताशी २०० सागरी मैलांची वेगमर्यादाही येथे लागू होत नाही. थोडक्यात, मनोऱ्यास आज्ञा देण्याचा अधिकार आहे. परंतु त्याच्या दृष्टीस पडणाऱ्या हवेवर त्याचे स्वामित्व नाही. हंगामी मनोऱ्यांच्या बाबतीत ही स्थिती समजण्यासारखी आहे. वणवे विझविणाऱ्या विमानांसाठी वा हवाई मेळाव्यांसाठी मनोरा चटकन उभारता येतो, पण हवाई क्षेत्राचा वर्ग बदलावयाचा तर नियमनाची दीर्घ प्रक्रिया पार पाडावी लागते.

ब्रिटनमधील व्यवस्था : तेथे विमानतळाभोवती ‘विमानतळ वाहतूक परिक्षेत्र’ असते. सर्वांत लांब धावपट्टी १,८५० मी.पर्यंत असल्यास त्याची त्रिज्या दोन, अन्यथा अडीच सागरी मैल असते व उंची २,००० फूट (सु. ६१० मी.) असते. या परिक्षेत्रास स्वतःचा वर्ग नाही. ते ज्या हवाई क्षेत्रात असेल त्याचाच वर्ग त्यास लाभतो. परिणामी जी वर्गातील परिक्षेत्रात शिरण्यास मनोऱ्याची परवानगी लागते, पण शिरल्यावर टक्कर टाळण्याचा भार वैमानिकावरच राहतो. जमिनीवरून बोलणारा कोण आहे हे त्याच्या संकेतनावावरून कळते. ‘टॉवर’ म्हणजे आज्ञा देऊ शकणारा नियंत्रक. ‘इन्फर्मेशन’ म्हणजे माहिती अधिकारी. तो जमिनीवरील विमानांना सूचना देऊ शकतो, पण धावपट्टीबाबत ‘आपल्या निर्णयाने उतरावे’ एवढेच म्हणतो. ‘रेडिओ’ म्हणजे केवळ माहिती सांगणारा चालक. हा भेद नवख्या वैमानिकाने कटाक्षाने शिकण्यासारखा आहे, कारण काचेच्या खोलीतून येणारा आवाज तिन्ही ठिकाणी सारखाच वाटतो.

आज्ञा व संरक्षण यांतील ही दरी कॉव्हेंट्री येथे १७ ऑगस्ट २००८ रोजी प्रकर्षाने दिसून आली. उपकरणांच्या मार्गाने येणारे सेस्ना ४०२सी हे दोन एंजिनांचे विमान व धावपट्टीभोवतीच्या नित्य फेरीतील केआर-२ हे घरगुती बांधणीचे चिमुकले विमान ही दोन्ही मनोऱ्याच्या संपर्कात होती. जी वर्गाच्या हवेत, धावपट्टीकडे येण्याच्या अंतिम टप्प्यात त्यांची टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतील मिळून पाच जण मरण पावले. वैमानिकांनी परस्परांना पाहिले नाही किंवा वेळेत पाहिले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्याबरोबरच वैमानिकांना मिळालेली माहिती अपुरी वा चुकीची होती, नियंत्रकाने ठरविलेला क्रम सेस्नाच्या उड्डाणाच्या अपुऱ्या आकलनावर आधारलेला होता आणि फेरीतील विमानांपेक्षा सेस्नास अग्रक्रम देणारी कोणतीही परिणामकारक योजना नव्हती, असेही चौकशीत आढळले. लहान आकार, दोहोंची सापेक्ष स्थिती व जवळ येण्याचा मोठा वेग यांपुढे ‘पाहा व टाळा’ हे तत्त्व दुबळे पडते.

यावरून मनोरा निरुपयोगी असतो असे मात्र नव्हे. अमेरिकेतील क्विन्सी (इलिनॉय) या मनोरा नसलेल्या विमानतळावर १९ नोव्हेंबर १९९६ रोजी उतरणारे प्रवासी विमान व छेदणाऱ्या धावपट्टीवरून उड्डाण करणारे विमान यांची टक्कर होऊन १४ जण दगावले. उड्डाण करणाऱ्या वैमानिकांनी सामायिक कंप्रतेवरील संदेश ऐकले नाहीत अथवा पुरेसे बाहेर पाहिले नाही. तिसऱ्या एका विमानातून आलेल्या अर्धवट संदेशाने उतरणाऱ्यांचा गैरसमजही झाला. छेदणाऱ्या धावपट्ट्यांवरील असा पेच सोडविणे हे मनोऱ्याचे खास काम होय, मग भोवतालची हवा कोणत्याही वर्गाची असो.

अंशकालीन मनोऱ्यांमुळे एकाच विमानतळावर दोन्ही अवस्था आलटून पालटून येतात. अमेरिकेत रात्री मनोरा बंद झाल्यावर तेथील डी वर्गाचे क्षेत्र ई किंवा जी वर्गाचे बनते. वैमानिक सामान्यतः मनोऱ्याच्याच कंप्रतेवर आपले स्थान व हेतू स्वतः जाहीर करतात. धावपट्टीचे दिवेही पुष्कळ ठिकाणी त्यांच्याच हाती येतात : पाच सेकंदांत प्रेषकाची कळ सात वेळा दाबल्यास दिवे पूर्ण तेजाने, पाच वेळा दाबल्यास मध्यम व तीन वेळा दाबल्यास मंद लागतात.