स्वावलंबी शिक्षण : ‘कमवा आणि शिका’ या सूत्राचा हिशेब

महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च विद्यार्थ्याने स्वतःच्या कष्टातून भागवावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. त्यात हाल पुष्कळ होते. पण तिला कमाई म्हणता येणार नाही. तो आश्रय होता, आणि जातीच्या मर्यादेत मिळणारा आश्रय होता. मुंबईत शिकत असताना धोंडो केशव कर्वे यांनी शिकवण्या करून आपला खर्च चालविला. हा मार्ग अधिक स्वाभिमानाचा खरा. परंतु शिकवणी करण्यासाठी आधी काही शिकलेले असावे लागते, आणि ती देणारी घरे शहरात असतात. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाजवळ होती ती अंगमेहनतीची सवय. ही मेहनत शिक्षणाच्या हिशेबात जमेच्या बाजूस कशी मांडता येईल, हा प्रश्न कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हाती घेतला.

1919 साली कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, आळीपाळीने स्वयंपाक करीत, एका पंगतीला बसत. पुढे 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र शाळेतून महाविद्यालयापर्यंत पोहोचले. शेतीची कामे, इमारतींची बांधकामे यांत विद्यार्थ्यांचे हात लागले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य या व्यवहारातून अर्थपूर्ण झाले.

येथे अभ्यासकाने थोडे थांबावे. या प्रयोगाचे गौरवपर वर्णन करताना एक गोष्ट सहसा निसटते. मुलांच्या श्रमांतून संस्थेचा सगळा खर्च कधीच भागत नव्हता. भाऊराव गावोगाव फिरून धान्य आणि देणग्या गोळा करीत. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. मग ‘स्वावलंबन’ हा शब्द पोकळ ठरतो का? प्रस्तुत लेखकाच्या मते नाही. मात्र त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. साताऱ्याचे स्वावलंबन सामुदायिक होते. एकाच्या घामाचे मोल त्याच्या एकट्याच्या नावे न पडता सर्वांच्या चुलीत जात होते, आणि उरलेली तूट समाज भरून काढीत होता. विद्यार्थी कष्ट करतो म्हणून समाजाची जबाबदारी संपली, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. आज हे सूत्र ज्यांच्या तोंडी वारंवार येते, त्यांतील काहींना नेमका तोच निष्कर्ष सोयीचा वाटतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणाचे उदाहरण याच दृष्टीने पाहण्याजोगे आहे. 1913 मध्ये ते अमेरिकेस गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपल्याने लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तरीही शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज त्यांना घ्यावे लागले. काटकसरीत त्यांनी कसूर केली नव्हती. प्राध्यापकाच्या पगारातील शिल्लकही जेथे पुरली नाही, तेथे रोजंदारीचे काय, हे वेगळे सांगावयास नको.

आता आजचा हिशेब मांडू. पुण्याच्या विद्यापीठात कर्मवीरांच्याच नावाने ‘कमवा व शिका’ योजना चालते आणि तीत कामाचे मानधन तासांवर मिळते. उदाहरणासाठी ताशी 50 रुपये, रोज 3 तास आणि महिन्याचे 25 दिवस धरले, तर हाती 3,750 रुपये येतात. शहरातील खानावळीचे दोन वेळचे जेवण एवढ्यात जेमतेम भागेल. कॉट बेसिसवरील जागेचे भाडे बाहेरच राहील. अनुदानित महाविद्यालयात कला शाखेला असलेला, वसतिगृह व शिष्यवृत्ती मिळालेला विद्यार्थी अशा कमाईवर निभावून नेऊ शकतो. खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे शुल्क मात्र तिच्यातून निघणे अशक्य आहे. तास वाढवावेत, तर ते अभ्यासातूनच वजा होतात. रात्रपाळी करून किंवा दिवसभर घरपोच जेवणाची पाकिटे पोहोचवून सकाळच्या तासाला बसलेला मुलगा वर्गात असतो, पण त्याचे लक्ष तेथे असेलच असे नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक खर्च मोजलाच जात नाही : घरकामाचे तास. त्यांचे मानधन कोणी देत नाही आणि ते टळतही नाहीत.

तेव्हा प्रश्न पैशाइतकाच वेळेचा आहे. 1989 मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, त्यामागील विचार या ठिकाणी ध्यानात येतो. ‘शिकणाऱ्याने कमवावे’ हा क्रम येथे उलटतो. कमावणारा शिकू लागतो. नोकरी, शेती, संसार सांभाळून हे पुस्तक वाचणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्याला शुल्काचा हप्ता कदाचित जड जात नसेल. रात्री जेवणे आटोपल्यावर उरणारा तासभर मात्र दुर्मीळ असतो.

आपली प्रगती तपासा
1. साताऱ्याच्या प्रयोगातील स्वावलंबन ‘सामुदायिक’ होते, असे का म्हटले आहे?
2. आपल्या एका आठवड्यातील कामाचे, घरकामाचे आणि अभ्यासाचे तास लिहून काढा. अभ्यासाचे तास कोणाच्या सहकार्याने मिळाले, तेही नोंदवा.