स्टार्चचा मल्चिंग पेपर : फाटतो का आणि चिवट कसा होतो?



टोमॅटो, मिरची, कलिंगडाच्या गादीवाफ्यावर आपण मल्चिंग पेपर अंथरतो. पीक निघाल्यावर त्याचे तुकडे वेचता वेचता माणसे कंटाळतात आणि राहिलेले तुकडे वर्षानुवर्षे नांगराला लागत राहतात. म्हणून मातीत कुजणारा, स्टार्च घालून केलेला पेपर निघाला. त्यावर तक्रार एकच : "साहेब, हा तर अंथरतानाच फाटतो!" तक्रार खोटी नाही.

साबुदाण्याचा पापड ओला असतो तेव्हा हवा तसा वाकतो, वाळला की कडकन मोडतो. पाणी उडाले की स्टार्चचे धागे एकमेकांना घट्ट बिलगतात. म्हणून कारखान्यात त्यात ग्लिसरीन घालतात; ते पाण्यासारखे लगेच उडत नाही. पण जास्त झाले तर पेपर लिबलिबीत होतो, शिवाय नुसता स्टार्च पावसाळी हवेत ओल धरतोच.

मग त्यात पीबीएटीसारखे कुजणारे, चिवट पॉलिस्टर मिसळतात. गंमत अशी, की या दोघांचे तेल-पाण्यासारखे पटत नाही. स्टार्चचे कण वेगळेच राहतात आणि ओढ बसली की कणाच्या कडेपासून पेपर फाटू लागतो. चिखलात तूस नीट तुडवले नाही तर भिंतीचे लिंपण सुटते ना, तसेच. म्हणून दोघांना बांधून ठेवणारे मॅलेइक अनहायड्राइडसारखे रसायन अगदी थोडे वापरतात. कण जितके बारीक आणि सारखे पसरतील, तितका पेपर चिवट.

मात्र साध्या पॉलिथिनमध्ये थोडा स्टार्च घातलेला पेपर चिवट असला तरी घेऊ नका. त्यातला स्टार्च कुजतो, पॉलिथिनचा चुरा शेतातच राहतो. मातीत कुजण्याच्या तपासणीचा दाखला मागा. युरोपच्या २०१८ च्या ईएन १७०३३ या मानकाप्रमाणे असा पेपर प्रयोगशाळेतील मातीत दोन वर्षांच्या आत ९० टक्के कुजावा लागतो.

घेताना एक तुकडा उभा आणि आडवा, दोन्हीकडून फाडून पाहा. एका बाजूने सरळ चिरत गेला तर समजा. अंथरण्याआधी ढेकळे, खडे, धसकटे काढा. साध्या पेपरसारखा तंग ओढू नका. माझे विचाराल तर पहिल्या वर्षी दोन-चार वाफ्यांवरच लावून बघा.

आणि साठा करू नका. भाकरी झाकून ठेवली तरी शिळी होऊन कडक होतेच. हा पेपरही पडून पडून ठिसूळ होतो. हंगामापुरताच आणा. उरलाच तर कोरड्या सावलीत ठेवा, तापलेल्या पत्र्याखाली नको.